तप्पुसर

लग्नपत्रिकेला दहापैकी सहा गुण देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गावातल्या किराणा दुकानदाराने मुलीच्या लग्नाची तेलुगू पत्रिका हौसेने छापून आणली आणि पहिली आमच्या शाळेत दिली. मूर्तीसरांनी ती उभ्याउभ्या वाचली, खिशातलं लाल पेन काढलं, चार ठिकाणी गोल केले, खाली ६/१० लिहून सही केली आणि दोन्ही हातांनी परत दिली.

"मजकूर चांगली हाय," ते म्हणाले. "पण नवरदेवाच्या नावात तप्पु हाय."

तप्पु म्हणजे चूक. सरांच्या तोंडी हा शब्द दिवसभर असायचा, म्हणून मुलांनी त्यांचं नाव तप्पुसर ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी भिंतीवर कोळशाने हे नाव तेलुगूत लिहिलं, तर सरांनी मुलाचा शोध घेतला नाही. फक्त दुसरं अक्षर दुरुस्त करून ठेवलं.

आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याच्या पुढे, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या गावात. मराठी माध्यमाचं हायस्कूल, पण राज्य आंध्र प्रदेश, त्यामुळे तेलुगूत पास होणं भाग. मुलांच्या घरी मराठी, बाजारात हिंदी, आणि तेलुगू भेटायची ती दहावीच्या पेपरात नाहीतर बसच्या पाटीवर. मी तिथे मराठी शिकवायचे. मूर्तीसर तेलुगू पंडित होते, म्हणजे त्यांच्या पदाचं नावच तसं होतं. त्यांचं गाव पार समुद्राकडच्या जिल्ह्यात. तिथून इथे यायला एक दिवस आणि एक रात्र लागायची. गेली नऊ वर्षं ते गावात एका खोलीत एकटे राहत होते.

खिशात पेनाबरोबर खडूचा तुकडा असायचा. ग्रामपंचायतीच्या पाटीवर एक मात्रा चुकलेली होती. सर रोज येता-जाता ती खडूने नीट करत. पावसाने पुसली की पुन्हा. सरपंच म्हणाले, "सर, राहू द्या ना, कोन वाचते?" सर म्हणाले, "म्हणूनच तर."

स्वतःच्या मराठीची मात्र त्यांना मुळीच फिकीर नव्हती. ती त्यांनी सहावीच्या पोरांकडून शिकली होती, त्यामुळे कोणता शब्द कोणापुढे बोलावा हे त्यांना कधी कळलं नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचं त्यांनी हात जोडून स्वागत केलं, "काऊन बे साहेब, उशीर झाली?" आमचे हेडसर त्या दिवशी जेवले नाहीत.

अशा माणसाच्या हाती नववीतल्या मुलांनी सिनेमा द्यायचं ठरवलं, हे त्या मुलांचं धाडस. पण इलाज नव्हता. आदिलाबादला जिल्ह्याचा युवा महोत्सव होता आणि त्यात शाळांनी केलेल्या पाच मिनिटांच्या फिल्मांची स्पर्धा होती. नियम असा, की संवाद तेलुगूत हवेत.

गोष्ट प्रणालीची होती. प्रणाली नववीतली, सडपातळ, कपाळावर सतत आठी. चौथीत असताना ती आईबरोबर आदिलाबादच्या दवाखान्यात गेली होती. परत येताना आईने तिला विचारलं, "बेल्याची गाडी कोणती, वाच बरं." प्रणालीला तेव्हा तेलुगूतलं एक 'ब' अक्षर येत होतं. तिने 'ब' पाहिला, गर्दीत कंडक्टरला विचारलं, त्याने नीट न ऐकताच मान हलवली, आणि तिने आईला गाडीत बसवलं. गाडी बेल्याची नव्हती, बोथची होती. मायलेकी भलत्याच गावात उतरल्या. तापाने फणफणलेली आई तिच्यावर रागावली नाही, फक्त म्हणाली, "होते." चालायचंच, अशा अर्थाचं ते 'होते' प्रणालीच्या मनात पाच वर्षं बसलेलं होतं. सिनेमासाठी वर्गात गोष्टी विचारल्या तेव्हा तिने ही सांगितली. सर म्हणाले, "हीच करायची."

बेल्याच्या एका फोटोवाल्याने लग्नात वापरायचा कॅमेरा एका रविवारपुरता दिला. संध्याकाळी परत हवा होता. कॅसेट एकच. कॅमेरा नववीतल्या गौतमकडे, आईचं काम दहावीच्या अर्चनाकडे, मुलीचं स्वतः प्रणालीकडे, आणि मी मुलींबरोबर कुणी बाई हवी म्हणून.

आदिलाबादच्या बस स्टँडवर बोथची गाडी लागली. दहा मिनिटं थांबणार होती. त्याच दहा मिनिटांत मुख्य प्रसंग घ्यायचा होता: प्रणाली कंडक्टरला विचारते, गाडी बेल्याला जाते का, गर्दीत त्याला नीट ऐकू येत नाही, आणि तो मान हलवतो. कंडक्टरचं काम खाकी शर्ट घालून एक मुलगा करत होता.

गाडी लागल्याबरोबर सर खडू घेऊन पुढे झाले आणि पाटीवरचं एक अक्षर दुरुस्त करू लागले.

"सर, टाइम नाई," गौतम म्हणाला.

"पाटी चूक असली तर पोरीची चूक कशी समजेल?" सर म्हणाले. यात तीन मिनिटं गेली.

मग प्रणाली पुढे आली. विचारलं, "ई बस बेला पोतुंदा?" ही बस बेल्याला जाते का?

"तप्पु," सर म्हणाले. "वेळ्तुंदा."

अर्थ दोन्हींचा एकच. 'पोतुंदा' आदिलाबादच्या बाजारातलं आणि गाडीतलं, 'वेळ्तुंदा' पुस्तकातलं आणि सरांच्या गावाकडचं. प्रणालीने पुन्हा विचारलं, पुन्हा तोंडून 'पोतुंदा' आलं.

"तप्पु. हे बस स्टँडवरची तेलुगू हाय."

"सर, पण आमी बस स्टँडवरच तर हाओ," प्रणाली म्हणाली.

दोन-तीन प्रवासी हसले. सर हसले नाहीत. "परीक्षक मोठे लोक असते. आपल्या शाळेचं नाव हाय. पुन्हा."

पाचव्या वेळी ड्रायव्हर येऊन बसला. सहाव्या वेळी इंजिन सुरू झालं. खरा कंडक्टर म्हणाला, बाजूला व्हा. गौतमच्या कपाळावरून घाम कॅमेऱ्यावर पडत होता. मी म्हटलं, "सर, तिच्या मनानं बोलू द्या ना." सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सातव्या वेळी प्रणालीने पाढे म्हणावेत तसं म्हटलं, "ई बस बेला वेळ्तुंदा?" एकही चूक नव्हती. जीवही नव्हता.

"करेक्ट," सर म्हणाले. गाडी निघून गेली.

प्रणालीने हातातली औषधाची पिशवी माझ्याकडे दिली. "मॅडम, हे माही गोष्ट नाई राह्यली," ती म्हणाली. त्यानंतर ती सरांशी बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. सर एक क्षण थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

महोत्सव तीन आठवड्यांनी होता. ते दिवस वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनाचे होते, आणि समुद्राकडच्या आंध्रवाल्यांवर इथे राग होता. आज बंद, उद्या मोर्चा. मूर्तीसरांना कधी कोणी काही बोललं नव्हतं, पण त्या वर्षभरात मी एक गोष्ट पाहिली होती. आदिलाबादला गेलं की सर तेलुगू बोलायचे नाहीत. चहावाल्याशी हिंदी, आमच्याशी त्यांची ती मराठी. दोन वाक्यं बोलले असते तर ते समुद्राकडचे आहेत हे कुणालाही कळलं असतं. आयुष्यभर एका भाषेच्या चुका काढणारा माणूस त्याच भाषेत तोंड मिटून बसायचा.

हॉल भरलेला होता. शिट्ट्या, घोषणा, मागच्या रांगांत कॉलेजची मुलं. आमची फिल्म सातवी. दिवे मालवले, पडद्यावर बस स्टँड आलं, अर्चना पदर सावरत बाकावर बसली, तिचे ओठ हलले आणि आवाज आलाच नाही.

यंत्राजवळच्या माणसाने तारा ओढल्या, पुन्हा खोचल्या. इतरांच्या फिल्मांना आवाज होता. फोटोवाल्याने कॅसेटवरून करून दिलेल्या आमच्याच सीडीत नव्हता. मागून शिट्टी आली, मग टाळ्या, थट्टेच्या. माइकवरून कुणीतरी म्हणालं, बंद करून पुढची घ्यायची का? प्रणालीने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती. पडद्यावर ती स्वतः तोंड उघडझाप करत होती आणि हॉल हसत होता.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. मूर्तीसर उठले होते. ते वाकत वाकत पडद्याच्या कडेला गेले, हातात कागद नव्हता, माइक नव्हता. त्यांनी अर्चनाचं वाक्य म्हटलं. थकलेल्या बाईच्या आवाजात, अर्चना जिथे अडखळते तिथे अडखळत. मग खाकी शर्टवाल्या मुलाचं वाक्य आलं: "एक्कडिकि अम्मा?" कुठं जायचं, बाई? हे त्यांनी आपल्या आवाजात म्हटलं, आपल्या गावाकडच्या चालीवर, जराही न लपवता.

मागून लगेच एक आवाज आला, "ए ऊरु, सारू?" गाव कोणतं, सर?

हसणारे थांबले. तुम्ही इकडचे नाही, हा विचारण्यातला सूर सगळ्यांनाच कळला होता. यंत्राजवळचा माणूसही थांबला. सरांनी अंधारात त्या दिशेला पाहिलं. मला वाटलं, आता हे खाली येतील. मी उठायला लागले.

"बेला," सर म्हणाले.

आणि ते पडद्याकडे वळले, कारण पुढचं वाक्य प्रणालीचं होतं. पडद्यावर तिचं तोंड मोठं दिसत होतं. सातव्या वेळचं तोंड. ओठ 'वेळ्तुंदा' म्हणत होते. सरांनी म्हटलं, "ई बस बेला पोतुंदा?"

लहान मुलीच्या घाईने म्हटलं, थोडं घाबरत, आई मागे उभी आहे हे माहीत असल्यासारखं. बस स्टँडवर प्रणालीने पहिल्यांदा म्हटलं होतं अगदी तसं. माझ्या मनगटावरचा हात सैल झाला.

पुढची तीन मिनिटं हॉलमध्ये कोणी शिट्टी मारली नाही. शेवटी बोथच्या स्टँडवर आई म्हणते "होते", ते सरांनी मराठीतच ठेवलं. आंध्रातल्या त्या हॉलमध्ये ते कितीजणांना कळलं कोण जाणे. टाळ्या झाल्या, आधी पुढून, मग मागूनही.

नंबर आला नाही. आवाजाशिवाय फिल्मला गुण देता येत नाहीत, असं परीक्षक म्हणाले, आणि ते नियमाला धरूनच होतं. सर म्हणाले, "करेक्ट हाय."

परतीच्या गाडीत प्रणाली माझ्याजवळून उठली आणि सरांच्या शेजारी जाऊन बसली. तिने विचारलं, "सर, तुमाले पोरगी हाय का?"

नऊ वर्षांत हे मीसुद्धा विचारलं नव्हतं.

"हाय," सर म्हणाले. "तुझ्यासारखीच. नववीत."

"मंग तिले सांगा ना आज काय झालं ते. लावा फोन."

"फोन लावली तर ती आईकडे देते."

"काऊन?"

सरांनी समोरच्या सीटची दांडी हातात धरली. म्हणाले, "ती एक वाक्य बोलली की मी दोन चुका काढायची. मग ती बोलायची बंद झाली. दोन वर्ष झाली."

प्रणालीने ऐकून घेतलं. तिच्या कपाळावरची आठी तशीच होती. "आता लावा," ती म्हणाली. "अन् तुमी काईच बोलू नका. तिलेच बोलू द्या."

जैनथला गाडी थांबली तेव्हा सर खाली उतरले. पुढे हद्दीकडे फोन नीट लागत नाही. रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या मागे जाऊन त्यांनी नंबर लावला. आधी बायकोशी काही बोलले, मग थांबले. बराच वेळ थांबले. मग दुसऱ्या कानात बोट घालून, मान खाली घालून ऐकू लागले. खिडकीतून मला त्यांचा आवाज येत होता, तेवढाच एक हुंकार: "ऊँ… ऊँ…"

प्रवासी चढले. कंडक्टरने घड्याळ पाहिलं, खाली उभ्या असलेल्या सरांना हाक मारायला तोंड उघडलं.

प्रणाली दारात जाऊन उभी राहिली. "जरा थांबवा गाडी," ती हळूच म्हणाली. "तिकून पोरगी बोलून राह्यली."