उलटं गुंडाळलेलं रीळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही नाशिकच्या एका विद्यापीठाच्या सभागृहात बसला आहात. दिवे मालवले आहेत. शेजारी तुमच्याच वयाची हर्षाली आहे. तिची बहीण पायल बारावी झाली आहे आणि तिला इथे शिकायचं आहे. बाप गोटीराम मात्र, "आधी बघतो, मग ठरवतो," म्हणत दोघींना घेऊन सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आला आहे.

या विद्यापीठात आदिवासी मुलं फार थोडी. ती यावीत म्हणून पन्नास वर्षांपूर्वी इथले प्राध्यापक जीप घेऊन पाड्यापाड्यावर हिंडत, आईबापांची समजूत काढत. त्या दिवसांची मूक फिल्म एका कपाटात सापडली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पल्लवीताईंनी तीन महिने खपून तिच्यावरची बुरशी पुसली, ती संगणकावर घेतली आणि पाड्यांवरच्या पालकांना पाहायला बोलावलं. तपासायला त्यांनी परीक्षेचा भाग लावून पाहिला होता. मुलं पेपरपुढे गालाला हात लावून ढिम्म बसलेली. सगळं ठीक वाटलं!

फिल्म सुरू झाली. वसतिगृहात मुलं जेवत होती. म्हणजे तोंडातून घास काढून ताटात अख्खी भाकरी जोडत होती.

"बा, हे जेवण परत देतात?" हर्षालीने विचारलं.

"गप बस. शिकलेली मानसं हायेत."

मग एक मुलगी पाठमोरी चालत वर्गातून निघाली, फाटकाबाहेर आली, जीपमध्ये बसली. जीप मागच्या मागे घाट चढून थेट पाड्यावर. प्राध्यापकांनी स्वतः तिची पत्र्याची पेटी उतरवून बापाच्या हातात दिली आणि मुलगी घरात शिरली.

आता पल्लवीताईंच्या ध्यानात आलं. पूर्वी फिल्म दाखवून झाली की रीळ पुन्हा सुलटं गुंडाळून ठेवावं लागे. कुणीतरी त्याचा कंटाळा केला होता, म्हणून शेवट आधी आला होता.

इकडे गोटीराम उठून उभा! "झकास! मला येवढाच घोर होता. शहरात गेलेली पोर परत येती का नाय? हितं तर मास्तर सोता घरी आनून सोडतो! कुठंय तो अर्ज?"

पायलने हर्षालीचा हात घट्ट दाबला. पल्लवीताई गप्प राहिल्या असत्या तर चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "दादा, थांबा. माझं चुकलं. फिल्म उलटी लागली."

"मंग सुलटी लावा की."

सुलटी लावली. बापाने पेटी उचलून दिली, मुलगी जीपमध्ये बसली, जीप गेली. बाप धुळीत उभा राहिला.

गोटीराम मटकन खाली बसला. "पयलीच बरी होती, ताई."

"बा, मी दर सुट्टीला येईन," पायल म्हणाली.

"शिनेमात नाय दिसली ती येताना."

"ती आली होती, दादा," पल्लवीताई म्हणाल्या. "पण ते टिपायला कॅमेरा नव्हता. ती परत येईल हे त्या बापाला तरी कुठे माहीत होतं? तरी पेटी त्यानेच उचलली."

गोटीरामने पडद्यावरच्या बापाकडे बोट केलं. "लय मोठ्या काळजाचा मानूस," तो हळूच म्हणाला. पण अर्जाचं टेबल पुढे मंचाजवळ होतं आणि घरी जायचं दार मागे. त्याचे पाय काही पुढे पडेनात.

तेव्हा हर्षाली उठली. तिने पायलला खांदे धरून दाराकडे वळवलं. "बा, ऊठ. तूबी तोंड फिरव." आणि दोघांनाही घराकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे चालवत, तिने अर्जाच्या टेबलापर्यंत नेलं.