विठोजीअण्णा रुद्रभूमीत आहेत!

आमचे पूर्वज कृष्णाजी हे सरदार होते, आणि मी ते पुराव्यानिशी सिद्ध करणार होतो! बेंगळुरात चामराजपेटेजवळच्या आमच्या समाजाच्या जुन्या रुद्रभूमीत त्यांची समाधी आहे, तिच्यावर तलवार कोरलीय, असं आजोबा सांगायचे.

"लोक रजा काढून उटीला जातात, तुम्ही स्मशानात जा!" माझी बायको अनुसूया म्हणाली.

मी खरंच सोमवारी कचेरीतून रजा काढली आणि काथ्या, पाण्याची बाटली घेऊन निघालो.

समाधी सापडली! दगडाला स्वेटर घातल्यासारखं शेवाळ. मी घासघास घासलं. आधी मूठ दिसली. माझी छाती फुगली! मग लांब दांडा. मग टोकाला... गोल चकती. चकतीला भोकं!

तलवार कसली, झारा होता तो! खाली अक्षरं: 'कृष्णाजी, मुदपाकखाना'. म्हणजे आचारी!

मी हबकून तिथंच बसलो. भानावर आलो तर राखणदार फाटकाला कुलूप लावून जेवायला गेलेला! भिंत उंच, वर काचा, आणि माझा देह आचाऱ्याच्या वंशजाला शोभेलसा.

फाटकातून एका रिक्षावाल्याला हाक मारली. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून माझं नाव सांगून शेजारच्या हेमलताअक्कांचा नंबर दिला. "सांगा, मी इथं अडकलोय!"

"सरी सार!" म्हणून तो टेलिफोन बूथवर गेला. भल्या माणसानं निरोप थोडक्यात दिला: "विठोजीअण्णा रुद्रभूमीत आहेत. स्वल्प लवकर या."

अक्कांनी हंबरडा फोडला! मग डोळे पुसत सगळीकडे फोन फिरवले.

तासाभरात टेम्पो आला. राजाजीनगरचा मेहुणा संतोषकुमार हार घेऊन पुढं, मागं निम्मी गल्ली. मी गजांतून हात काढून ओरडलो, "अरे, इकडे!"

संतोषकुमार हारासकट मटकन खाली बसला.

अनुसूया मात्र धावत आली. माझा हात असा धरला की बोटं कळवळली. "आहात ना? खरंच आहात ना?"

"आहे गं! पण आपण सरदार नाही, आचारी निघालो!"

"निघू द्या! मला जिवंत आचारी चालेल!" रडता रडताच ती हसायला लागली. मग मीही. राखणदार किल्ली घेऊन आला तरी आमचे हात सुटेनात.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो, तर कळलं, अक्कांचा फोन तिथंही पोचला होता! शोकसभा घेऊन दुपारीच सगळ्यांना घरी सोडलेलं. मला बघून साहेबांनी कडकडून मिठी मारली. मग कानाशी लागून हळूच म्हणाले, "विठोजी, पुढच्या वेळी शुक्रवारी जा हो. शनिवार-रविवारला जोडून मिळेल!"