लाल गाडीचं ॲव्हरेज

साडूने लाल गाडी घेतली त्याचं मास्तरांना काहीच वाटलं नव्हतं. निदान ते बायकोला तसं सांगत होते. दिवसातून तीन-चार वेळा सांगत होते, तिने विचारलेलं नसतानासुद्धा.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. स्कूलच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्याच पोचे आलेल्या. एक मास्तरांची, दुसरी बायकोची, कारण सकाळची बायकांची बॅच ती घ्यायची. आणि साडू म्हणजे दातांचा डॉक्टर, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याची ती लाल गाडी दोनच दारांची, अगदी जमिनीला टेकलेली. आत बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग सरळ पडायचं. सुरू केली की वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि मास्तरांच्या छातीत पण काहीतरी थरथरायचं. त्याला ते ॲसिडिटी म्हणायचे.

त्यांना एकच दिलासा होता, तो म्हणजे गाडीचं ॲव्हरेज. "असली गाडी म्हणजे या पंपावरून त्या पंपावर जायचं वाहन," असं ते येईल त्याला सांगायचे. सांगितलं की त्या दिवशी झोप बरी लागायची. पण एका रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले आणि डॉक्टरने भाताचा घास घेता घेता, अगदी सहज, म्हणजे ज्या सहजपणाची घरून तयारी करून यावी लागते तितक्या सहज सांगितलं, की या आठवड्यात लिटरला सतरा पडलं, आणि गाडीच्या पुस्तकात तर पंधराच लिहिलंय.

मास्तरांचा हात ताटावरच थांबला.

"अगंबाई," बायको म्हणाली, "म्हणजे पुस्तकापेक्षा जास्त? आपलीचं किती पडतं हो?"

आता, ज्या माणसाच्या गाडीच्या मागच्या काचेवर 'सलग पाच वर्षं पेट्रोल बचतीचा मानकरी' असं पिवळ्या रंगात लिहिलेलं आहे, त्याला बायकोने चारचौघांत हा प्रश्न विचारावा? मास्तरांनी पाणी मागितलं.

ते पिवळं लिहिलेलं खरं होतं बरं का. गावाबाहेरच्या मोठ्या पेट्रोल पंपाचा मालक दरवर्षी स्पर्धा घ्यायचा. टाकी काठोकाठ भरायची, झाकणाला सील लावायचं, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायचं, साठ किलोमीटर. परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायचं, की किती प्यायली ते कळतं. मोठी गाडी, छोटी गाडी असा वाद नको म्हणून पुस्तकात छापलेल्या आकड्यापेक्षा किती टक्के जास्त काढलं त्यावर नंबर. मास्तर पाच वर्षं पहिले. आणि या वर्षी तर जिंकणं भागच होतं, कारण स्कूलच्या बरोबर समोर नवीन स्कूल उघडलं होतं. त्यांचं ऑफिस एसी, गाड्या कोऱ्या, शिकवणारे टाय घालणारे. मास्तरांकडे दाखवायला होता तो तेवढा एक चषक. तो गेला की बॅच रस्ता ओलांडून पलीकडे जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यात डॉक्टरनेही नाव दिलं. का दिलं? तर म्हणे गंमत म्हणून. मास्तरांना गंमत करणाऱ्या माणसांचा मुळातच राग. फॉर्मवर एका स्कूलच्या दोन गाड्यांना जागा होती म्हणून त्यांनी भरीला बायकोचंही नाव टाकलं आणि विसरून गेले.

स्पर्धेत दोन फेऱ्या. सकाळी निम्मे लोक गाडी चालवणार, दुपारी उरलेले. सकाळचे लोक दुपारच्या गाड्यांत आणि दुपारचे सकाळच्या गाड्यांत निरीक्षक म्हणून बसणार, कोण कुठे ते चिठ्ठ्या टाकून. निरीक्षकाने वेळ आणि किलोमीटर लिहायचे, आणि गाडी चालवण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. बोलला तर ती गाडीही बाद आणि निरीक्षकाचा स्वतःचा निकालही बाद. हे पंपवाल्याने माईकवरून तीन वेळा वाचून दाखवलं होतं. त्याला माईक आवडायचा.

सकाळी मास्तर निघाले ते अनवाणी. पेडलचा अंदाज तळव्याला कळतो म्हणून. अर्धा किलोमीटर आधीच सिग्नलचा रंग ओळखून पाय उचलत, चढावर गाडीला जवळजवळ चुचकारत ते आले, तर पुस्तकापेक्षा बावीस टक्के जास्त. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी चपला घातल्या आणि चिठ्ठी उघडली. चिठ्ठीत लाल गाडी.

त्यांना हसू आवरेना. आता नियम काय, तर चालवण्याबद्दल बोलायचं नाही. गाडीबद्दल बोलायला कुठे बंदी होती? त्यांनी वाकून, मग पडून त्या सीटवर बूड टेकलं, फॉर्मची पाटी मांडीवर घेतली आणि पंपाबाहेर पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, आवाज फार ऐकलाय हो हिचा. लांबूनच. आतून कसा येतो कुणास ठाऊक."

डॉक्टर खूश. त्याने जो पाय दाबला, की मास्तरांचं डोकं मागे आपटलं. पुढे ट्रक दिसला, तसा पाय झटक्यात काढला, डोकं पुढे आलं. पुन्हा दाबला. मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. हा दिवसभर दवाखान्यात पायाने मशीन चालवतो. दाबलं की दात कोरायचा, सोडलं की थांबायचं, मधलं काही नाहीच. इथेही तेच चाललं होतं. आता पेट्रोल नुसतं धो धो जात असणार. मास्तरांना सव्वीस वर्षांत शेजारच्या सीटवर इतकं सुख कधी लाभलं नव्हतं.

हे सुख साधारण चार किलोमीटर टिकलं.

मग आलं लांबलचक वळण. वळणाच्या तोंडावर डॉक्टरने तिसऱ्या गिअरमध्येच गाडी किंचाळवत नेली, ऐन वळणात क्लच दाबून धरला आणि वर ब्रेकही मारला. मास्तरांचा उजवा पाय आपोआप खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसतं पायपुसणं होतं. आणि पायाला काही सापडलं नाही की काय होतं, ते सगळं तोंडातून बाहेर येतं.

"अरे क्लच सोड. सोड म्हणतो ना. पायाची विश्रांती आहे का ती?"

डॉक्टरने घाबरून सोडला.

"आता चौथा. दाबू नको, टेकव. अंडं ठेवलंय पायाखाली असं समज. हां. आता पुढे बघ, नाकासमोर काय बघतोस, तो लांबचा सिग्नल बघ. लाल आहे ना? मग पळतोयस कशाला, उभं राहायला? उचल पाय."

आपण काय करतोय हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. दर दोन मिनिटांनी कळत होतं. कळलं की ते ओठ घट्ट मिटायचे, खिडकीबाहेर बघायचे, चषक आठवायचे, समोरचा एसी आठवायचे. की लगेच डॉक्टर काहीतरी असं करायचा की मास्तरांचं तोंड पुन्हा उघडायचं. वाईट चालवणाऱ्याच्या शेजारी बसून गप्प राहायचं हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा त्यांनी ड्रायव्हरला तीनदा टोकलं होतं. टेकडीच्या चढावर तर ते सगळं विसरले. डॉक्टर हळूहळू ऐकायला लागला होता ना. शिकणारा ऐकायला लागला की शिकवणाऱ्याला कसलं भान? टाकीला वळसा घालून उतार लागला तेव्हा ती लाल गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी चालली होती आणि मास्तर म्हणत होते, "वा. आता कसं? ब्रेक न लावता आलास की नाही वळणातून? शाब्बास."

पंपात शिरताना गाडीतल्या पडद्यावर साडेअठरा दिसत होतं. मास्तरांनी ते पाहिलं आणि पुस्तकातल्या पंधराशी मनातल्या मनात दोनदा टक्के काढून बघितले.

पुन्हा पेट्रोल भरून झालं, हिशेब झाला, आणि पंपवाल्याने माईक हातात घेतला. लाल गाडी, तेवीस टक्के. पहिला नंबर. मास्तर बावीस, दुसरा. पुढचं काही मास्तरांच्या कानात शिरलंच नाही. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःला समजावत होते, की आता तोंड उघडायचं नाही. उघडलं तर दुसराही जाणार. दुसरा म्हणजे काही कमी नाही. काचेवरचं 'सलग पाच' तसंच राहू देता येईल, खोटं थोडंच आहे.

हे सगळं ठीक चाललं होतं. पण पंपवाल्याने डॉक्टरपुढे माईक धरून विचारलं, की असल्या गाडीतून एवढं ॲव्हरेज काढायचं रहस्य काय.

डॉक्टरने केसांतून हात फिरवला. बायको मोबाइलवर शूटिंग करतेय ना ते बघितलं. मग म्हणाला, "खरं सांगू का, हे शिकवून येत नाही. पायातच असावं लागतं. काहींच्या असतं." आणि मास्तरांकडे बघून गोड हसला. "आमच्या दादांना विचारा. ते शेजारीच होते. थक्क झाले."

मास्तर उभे राहिले. बायकोने त्यांचा शर्ट मागून धरला होता, तो तिच्या हातातून सुटला.

"पायात?" ते म्हणाले. "तुझ्या? वळणात क्लच दाबून ब्रेक मारणारा पाय तो. चौथा टाक कुणी सांगितलं? सिग्नल कुणी दाखवला? टाकीच्या चढावर कुणाचा घसा बसला?"

"दादा, अहो, काय बोलताय तुम्ही," डॉक्टर कसनुसं हसत म्हणाला. त्याची बायको शूटिंग थांबवायची विसरली.

"म्हणजे तुम्ही गाडीत बोललात, मास्तर?" पंपवाल्याने माईकवरूनच विचारलं, त्यामुळे हा प्रश्न रस्त्यापलीकडच्या लोकांनाही ऐकू गेला.

"बोललो म्हणजे? साठातले छप्पन किलोमीटर बोललो. हे बघा, लेखी आहे." आणि मास्तरांनी निरीक्षकाचा फॉर्म उलटा करून दाखवला. मागच्या कोऱ्या बाजूला, सव्वीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी रोजच्यासारखा शेरा लिहिला होता. क्लच, सुधारणा आहे. ब्रेक, बरा. नजर लांब ठेवणे, सराव हवा. उद्या रिव्हर्स घेऊ. खाली सही आणि तारीख.

पंपवाल्याने तो शेरा माईकवर मोठ्याने वाचला. मग नियम वाचला, चौथ्यांदा. लाल गाडी बाद. मास्तरही बाद. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांना इतकं बरं वाटत होतं, इतकं हलकं, की आपण काय करून बसलो हे कळायला त्यांना चांगली दोन मिनिटं लागली. सहावं वर्ष गेलं. चषक गेला. आता समोरच्या टायवाल्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. बाजूला डॉक्टर बायकोला सांगत होता, की तसंही गंमत म्हणूनच नाव दिलं होतं. ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"मग आता तिसरा तो पहिला," पंपवाला म्हणाला. "एकोणीस टक्के. या, बाई."

मास्तरांनी मान वर केली. त्यांची बायको पर्स खांद्याला लावून, चपलांचा आवाज करत चषक घ्यायला चालली होती.

घरी जाताना गाडी तिनेच चालवली, तिचीच. मास्तरांची पंपावरच ठेवली, सकाळी आणू म्हणाली. मास्तर शेजारी बसले, चषक मांडीवर. चषक शेवटी आपल्याच स्कूलमध्ये आला, बॅच कुठे जात नाही, हे त्यांना डोक्याने पटलं होतं. पण त्यांची नजर तिच्या पायावर होती. ती कधी गिअर बदलतेय ते कळतच नव्हतं. पुढच्या चौकातला सिग्नल लाल होता आणि तिने पाय कधीच उचललेला होता. टोकण्यासारखं काही सापडावं म्हणून त्यांनी दोन चौक वाट पाहिली. ॲसिडिटी सुरू झाली.

"एकोणीस टक्के," ते शेवटी म्हणाले. "एवढ्या वर्षांत तर माझ्याबरोबर असताना दहाच्या वर कधी गेली नाहीस."

"आज शेजारी ते रिटायर झालेले ग्रंथपाल होते," ती म्हणाली. "जाऊन येऊन एक शब्द बोलले नाहीत. मला पहिल्यांदा गाडीचा आवाज ऐकू आला."

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. आणि समोरच्या पडद्यावरचा ॲव्हरेजचा आकडा चौकामागून चौकाला वाढतच गेला.