तेरा मिनिटं मागे

"बारा वाजता सुरू! बारा म्हणजे बारा, वर एक मिनिटसुद्धा नाही!"

सकाळी नऊ वाजता वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून, खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्याही आत, मास्टरांनी ही घोषणा करून टाकली. मास्टर हे त्यांचं टोपणनाव. संगणकाच्या धंद्यात त्यांना सगळे याच नावाने ओळखायचे, आणि ते त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलंय अशी एक बातमी होती.

वाचनालयात दोन नवे सर्व्हर आले होते. त्यांच्यावर युनिक्स ही मूळ कार्यप्रणाली चढवायची, डेटाबेससाठी ती नीट तयार करायची आणि जुन्या मशीनमधला सगळा मजकूर तिथे हलवायचा. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं, कधी आणून द्यायचं, सगळं त्यातच. एक सर्व्हर काम करणार, दुसरा राखीव. दुपारी चारला कमिटी येणार होती. त्यांना काम पसंत पडलं तर शहरातल्या आणखी सात वाचनालयांचं काम मास्टरांना मिळणार होतं.

"आणि नाही जमलं, तर आम्ही आपले पुन्हा हाताने लिहायच्या कार्डांवर जातो," ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं.

तीस वर्षं काउंटरवर बसलेल्या काकांनी कार्डांचे खोके पुसूनच ठेवले होते.

मास्टरांचा हात मात्र खरोखर चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्यांनी डिस्कचे भाग पाडले. एकावर मूळ माहिती, दुसऱ्यावर रोजच्या नोंदी. डेटाबेसला किती मेमरी द्यायची ते ठरवलं, त्याच्यासाठी वेगळं खातं उघडलं आणि दुसऱ्या कुणाला त्यात बोट घालता येणार नाही असा बंदोबस्त केला. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरावा तशी त्यांची बोटं कीबोर्डवर फिरत होती. मागे हात बांधून उभे असलेले काकासुद्धा दोनदा "वा" म्हणाले, आणि लगेच तो शब्द गिळून टाकावा तसा चेहरा केला.

शेवटी राहिलं घड्याळ. या युनिक्सला तारीख आणि वेळ सांगायची तर सगळे आकडे एका दमात लिहायचे. महिना, दिवस, तास, मिनिटं आणि शेवटी सालाचे दोन आकडे. वाजले होते अकरा सदतीस आणि साल होतं चोवीस. मास्टरांनी मिनिटांच्या जागी चोवीस मारले आणि सालाच्या जागी सदतीस!

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पडद्याच्या कोपऱ्यातलं पाहिलं. "मास्टर, हे तेरा मिनिटं मागे आहे हो."

"काका, तेरा मिनिटांनी जगात कुणाचं काय अडलंय?"

सर्व्हर तेरा मिनिटं मागे होता हे खरंच. पण त्याच वेळी तो तेरा वर्षं पुढेही गेला होता.

ठरल्याप्रमाणे बाराच्या ठोक्याला मास्टरांनी सर्व्हर सुरू केला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मुदत उलटलेल्या वाचकांना रोज बारा वाजता मोबाइलवर आपोआप निरोप जायचा. सर्व्हरच्या घड्याळात बारा वाजले ते तेरा मिनिटं उशिरा, आणि निरोप सुटले. शंभर, हजार, तीन हजार!

"बघा काका, वेग बघा! तुमचं जुनं मशीन दिवसाला किती पाठवायचं?"

"तीस."

"आणि हे? सहा हजार दोनशे! कुठे तीस आणि कुठे सहा हजार!"

एवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. बाईंनी उचलला.

"माझी मुलगी सहा वर्षांची आहे," पलीकडून एक आई कडाडली. "चित्रांचं पुस्तक तिनं परवा नेलंय. तुमचा निरोप म्हणतो, मुदत उलटून चार हजार सातशे छत्तीस दिवस झाले. म्हणजे जन्माच्या सात वर्षं आधीच ती पुस्तक दाबून बसली होती का?"

फोन ठेवतात न ठेवतात तोच दुसरा. हे एक निवृत्त न्यायाधीश होते. "मी जन्मभर लोकांना तारखा दिल्या. आज तुम्ही मला तारीख दिलीत! आणि वर सदस्यत्व रद्द करण्याची धमकी? येतोच मी!"

बाईंनी सावकाश मान वळवली. मास्टरांनी पडद्यावर पूर्ण तारीख काढून पाहिली. दोन हजार सदतीस! त्यांनी हळूच पडद्यासमोर अंग आडवं घातलं.

"विशेष काही नाही बाई. साल जरा उत्साहात आलंय. आत्ता दुसरा निरोप पाठवतो, की पहिला विसरा."

"आणखी एक निरोप पाठवलात," बाई म्हणाल्या, "तर आधी मी तुम्हाला पाठवीन!"

दीड वाजेपर्यंत रांग पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. लोक पिशव्या, बादल्या, सुटकेसी भरून पुस्तकं आणत होते. पुस्तकांतून खुणेसाठी ठेवलेल्या वस्तू निघत होत्या. कंगवे, विजेची बिलं, एकात तर गुडघ्याचा एक्सरे! एकाने घाबरून दुसऱ्याच वाचनालयाची पुस्तकं आणून टाकली. एक आजी कागदात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आल्या. "ह्यांनी नेलं होतं. ते गेले, आणि माझ्यानं देववेना. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"विसरलोच होतो आजी," काका म्हणाले, आणि ते पुस्तक लगेच त्यांच्याच नावावर लिहून पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

मग खरं संकट उभं राहिलं. वाचनालयात पुस्तकं बावीस हजार आणि कपाटांत जागा सोळा हजारांची! इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण सहा हजार कायम लोकांच्या घरी. आता पुस्तकं टेबलांवर चढली, खुर्च्यांवर बसली, जिन्यावर झोपली. काकांना एकच मोकळी, थंडगार खोली दिसली. सर्व्हरची! त्यांनी तिथे छतापर्यंत थप्प्या लावल्या. वारा अडला, सर्व्हर तापला आणि कुकरसारख्या शिट्ट्या मारायला लागला.

"काका! अहो, त्याला श्वास घेऊ द्या!" ओरडत मास्टर आत घुसले आणि कादंबऱ्यांच्या तीन थप्प्या त्यांच्या अंगावर कोसळल्या.

त्या ढिगातून ते उठले, ते मात्र खरे मास्टर होऊन. वाचकांची साखळी करून त्यांनी पुस्तकं बाहेर काढली. तापलेला सर्व्हर बंद केला, राखीव सर्व्हर पुढे ओढला आणि त्यावर जुन्या मशीनमधला मजकूर नव्याने घेतला. मग घड्याळाशी आल्यावर त्यांनी हात मागे घेतला.

"काका, तुम्ही एकेक आकडा सांगा. मी तेवढाच लिहितो."

काकांनी मुलाला पाढे शिकवावेत तसे आकडे सांगितले. साल तर दोनदा सांगितलं. तीन वाजता घड्याळ बिनचूक लागलं. दोघांनी खांद्याला खांदा लावून परत आलेली पुस्तकं नोंदवायला घेतली. काका नाव वाचत, मास्टर लिहीत. कार्डांच्या खोक्यांवर आता पुस्तकं ठेवली होती.

चार वाजता कमिटी आली. रस्त्यापर्यंतची रांग पाहून अध्यक्ष गाडीतून उतरता उतरता थबकले.

"एवढे वाचक! नव्या यंत्रणेच्या पहिल्याच दिवशी? मास्टर, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं!" मास्टर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

सातही वाचनालयांचं काम जागच्या जागी पक्कं झालं. अध्यक्ष गेल्यावर ग्रंथपालबाई मास्टरांसमोर येऊन बसल्या. आता कानउघाडणी होणार म्हणून मास्टरांनी कान पाडले.

"नऊ वर्षं मी पुस्तकांची मोजदाद करायला धडपडतेय," बाई हसत म्हणाल्या. "कधी निम्मीही परत आली नाहीत. आज, तुमच्या कृपेने, सहा हजार दोनशेपैकी सहा हजार एकशे नव्व्याण्णव आली!"

मास्टरांची छाती पुन्हा फुगली. "मग उरलेल्या एकालाही सोडू नका बाई! काय बेजबाबदार लोक असतात! नाव सांगा, मी स्वतः फोन करतो."

बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

पुस्तक अकरा वर्षांपूर्वी नेलेलं होतं. विषय, युनिक्सची पहिली ओळख. नेणारा वाचक, खुद्द मास्टर. निरोप त्यांनाही दुपारीच आला होता, पण कामाच्या गडबडीत मोबाइल पिशवीतच राहिला होता.

"घरी आहे ते," मास्टर पुटपुटले. "अजून वाचायचं राहिलंय."

"असू दे, वाचून आणा," बाई म्हणाल्या. "तारीख-वेळ कशी लावायची, ते दुसऱ्याच पानावर आहे."