मापात वाकडं

"पप्पा, पुढच्या रविवारी सकाळी माणूस येतोय. तो जुनी गाडी घेऊन जाईल, सोमवारी तुमची इलेक्ट्रिक स्कूटर येईल. फायनल," असं समर्थने खराडीहून सांगितलं आणि हिंमतरावांनी फोन शेंगदाण्याच्या डब्यावर उपडा ठेवला. जरा वेळाने वरती एक पातेलंही ठेवलं.

जुनी गाडी म्हणजे त्यांची मोटारसायकल. धायरीहून हडपसरच्या कारखान्यात आणि परत, अशी तिने हिंमतरावांची सगळी नोकरी ओढली होती. गाडीचं अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. बिघडला होता हिंमतरावांचा उजवा खांदा. हात पुढे करून हँडल धरलं की खांद्यातून निघालेली कळ थेट दाढेत जायची. डॉक्टर म्हणाले होते, पुढे ताणून काही धरायचं नाही. स्कूटरचं हँडल जवळ असतं, एवढंच समर्थचं म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं.

पण स्कूटरचा विषय निघाला की हिंमतराव म्हणायचे, "तिला आवाज नाही."

आवाजाचं कारण त्यांनी मुलाला कधी सांगितलं नाही. घरात नवरा-बायकोचं बोलणं भाजी, गॅस आणि पाणी एवढ्यावर आटपायचं. खरं बोलणं व्हायचं ते गाडीवर. एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, आणि अवघड प्रश्न आला तर "काय? ऐकू नाही आलं," म्हणायची सोय असते. समर्थला कुठल्या कॉलेजात घालायचं, गावची जमीन विकायची की नाही, हे सगळं त्या दोन माणसांनी सिंहगड रोडवर ठरवलं होतं.

विजयमालाबाई मशीनवर शर्टाला कॉलर लावत होत्या. दोरा दातांनी तोडून त्या म्हणाल्या, "गाडी कशाला बदलायची? हँडल बदलू."

"हँडल काय दुकानात मिळंल तसलंच मिळणार."

"दुकानातलं कशाला? मापाचं करू."

त्या घरच्या घरी शिकून शर्ट शिवायला लागल्या होत्या, आणि दोन हात सारखे असतात हे फक्त शिवणकाम न येणाऱ्यालाच वाटतं, असं त्यांचं मत होतं. हिंमतरावांचा उजवा खांदा मुळातच डाव्यापेक्षा खाली आहे, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच शर्टाला कळलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या, नुसतं कापड तसं कापलं होतं. म्हणून तर हिंमतराव आजवर भावकीत ताठ खांद्याचे म्हणून प्रसिद्ध होते.

त्यांनीच समर्थला फोन लावला. "रविवारी ते गाडीवर फाट्यापर्यंत जाऊन येतील. तू मागं बस. एकदा जरी कळ आली, तर गाडी घेऊन जा."

"आई, हा काही शर्ट नाहीये."

"शर्ट काय न् हँडल काय, घालणारा माणूस तोच हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं उत्तरेश्वरच्या दुकानात गेली. उत्तरेश्वर बार्शीकडचा. फाट्याजवळ फाटकं आणि जिन्याचे कठडे करायचा. त्याने गाडी स्टँडवर लावली, जुनं हँडल काढलं, आणि हिंमतराव बिनहँडलच्या गाडीवर बसले. रस्त्यावरचे दोघं-तिघं चहाचे कप घेऊन बघायला आले.

"डोळे मिटा," विजयमालाबाई म्हणाल्या. "हात सैल सोडा. आता हवेत हँडल धरा. जिथं धरलं तिथंच ऱ्हाऊ द्या."

हिंमतरावांनी हवेतलं हँडल धरलं. डावा हात वर राहिला, उजवा दीड इंच खाली आणि इंचभर मागे येऊन थांबला. चेहऱ्यावर मात्र कितीतरी महिन्यांनी सुख दिसलं. डोळे मिटून ते कात्रजच्या घाटापर्यंत जाऊन आले असावेत. विजयमालाबाईंनी पुढच्या दिव्यापाशी उभं राहून टेप लावली आणि तपकिरी कागदावर हँडलचा नमुना काढला.

उत्तरेश्वरने कागद पाहिला. "काकू, हे वाकडं व्हतंय."

"व्हायलाच पाहिजे."

"लोक म्हणतील, उत्तरेश्वरला पाइप वाकवता येत नाही."

"येतो म्हणूनच वाकडा केलाय म्हणावं."

पण एकदा हातात घेतल्यावर त्याने काम असं केलं, की बघत राहावं. पाइपात कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली, ज्योत लावून पाइप जांभळासारखा, मग टोमॅटोसारखा होऊ दिला, आणि साच्यावर असा सावकाश वळवला, की कुठे चेप नाही, सुरकुती नाही. विजयमालाबाई म्हणाल्या, "बाहीची गोलाई अशी जमली पाहिजे." उत्तरेश्वरला ही पावती बार्शीत कुणी दिली नव्हती.

हँडल बसवलं, आणि डावी मूठ खाली आली. उजवी वर.

विजयमालाबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकाचं माप त्या समोर उभं राहून घेतात. समोरच्याचा उजवा तो आपला डावा, हे शर्टाच्या बाबतीत त्यांचा हात आपोआप जाणायचा. मोटारसायकल त्या पहिल्यांदाच शिवत होत्या.

"आता हे वाया," उत्तरेश्वर हळहळला. "भंगारात टाकू?"

"भंगारात कशाला? एवढं देखणं झालंय."

तो पाइप घरी आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला पडद्यासाठी लागला. ही खिडकी जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये उघडते. पडदा एका बाजूला झुकलेला दिसायला लागला आणि संध्याकाळीच दारावर टकटक झाली. समोरचे बापूराव होते.

बापूराव नारायण पेठेतून धायरीला राहायला आले, त्याला बराच काळ झाला होता, पण ते अजून "आम्ही पुण्यात होतो तेव्हा" असं म्हणत. पाइपलाइन टाकण्याच्या कामावर त्यांची हयात गेली होती. वाकडी वस्तू त्यांना बघवत नसे. इमारतीतली पायपुसणी, नावाच्या पाट्या, नोटीस बोर्डावरचे कागद, हे ते जाता-येता सरळ करत, आणि कुणी बघितलं तर "आभार मानायची गरज नाही," म्हणत. त्यांची मोटारसायकल हिंमतरावांच्या गाडीच्याच कंपनीची, त्याच काळातली, शेजारीच उभी असायची. रविवार सोडला तर ते ती नुसती पुसत. "हल्ली गाडीवर मान आखडते," म्हणायचे. "गाडीचा दोष नाही. रस्त्यांचा आहे."

"वहिनी, तुमचा पडदा वाकडा आहे," बापूराव म्हणाले.

"हो."

"म्हणजे माहीत आहे तर." आणि ते निघून गेले. त्यानंतर रोज जाताना ते खिडकीपाशी थांबत, एकदा पडद्याकडे आणि एकदा आकाशाकडे बघत.

दुसरं हँडल बरोबर झालं. हिंमतराव बसले, हात पुढे केले, आणि मुठी आपण होऊन हातात आल्या. हात मुठीपर्यंत गेलेच नव्हते, मुठीच आल्या होत्या. ते फाट्यापर्यंत गेले, तिथून वडगावला गेले, तिथून परत यायचं त्यांना सुचेना. विजयमालाबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी कितीतरी दिवसांचं साठलेलं बोलून घेतलं, आणि हिंमतराव "हं" म्हणत राहिले.

अडचण एकच होती, आणि ती लोकांची होती. आपल्याकडे रस्त्यात कुणाचं स्टँड खाली राहिलं, पदर चाकाकडे गेला, तर सांगितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. आता प्रत्येक सिग्नलला कुणीतरी काच खाली करून सांगू लागलं, "काका, हँडल वाकडं झालंय."

"केलंय," हिंमतराव म्हणायचे.

पंक्चरवाल्याने विचारलं, "कुठं ठोकली?" पेट्रोल भरणाऱ्या मुलीने हळूच विचारलं, "लागलं नाही ना जास्त?" चौकातल्या हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली, वाकून बघितलं आणि समोरचा पळून गेला का, अशी चौकशी केली. विजयमालाबाईंनी त्यांना खांद्याचं सगळं समजावून सांगितलं. हवालदार ऐकता ऐकता स्वतःचाच खांदा चोळायला लागले आणि म्हणाले, "जा तुम्ही."

शनिवारी हिंमतरावांनी गाडी धुतली, पुसली, आणि उद्यासाठी तयार करून पार्किंगमध्ये लावली. बापूरावांच्या गाडीच्या शेजारी. रात्री त्यांनी फोनवर पातेलं ठेवलं नाही.

रविवारी समर्थ आला. "माणसाला दहाला बोलावलंय," म्हणाला. तिघं खाली उतरली. हिंमतराव ऐटीत गाडीवर बसले, हात पुढे केले, आणि उजवा हात मुठीच्या अलीकडेच हवेत थांबला. पुढे रेटला तशी कळ दाढेत गेली. तोंडातून "आई गं" निघालं.

हँडल सरळ होतं. नुसतं सरळ नव्हतं, पाण्याच्या पातळीने तपासल्यासारखं सरळ होतं.

"पप्पा, बघितलंत? म्हणून म्हणत होतो मी," समर्थ हळू आवाजात म्हणाला. त्यालाही बरं वाटत नव्हतं.

"सकाळीच केलं," मागून आवाज आला. बापूराव दुधाची पिशवी घेऊन उभे होते. "आठवडाभर बघतोय. माझ्या गाडीच्या शेजारी तसं मला बघवेना. हँडलवर लांब पाइप घातला, गरम न करता जोरावर आणलं. एका सुताचा फरक नाही. आभार मानायची गरज नाही."

कुणी आभार मानले नाहीत. विजयमालाबाईंनी वाकून हँडल पाहिलं. काम खरोखर नामी होतं. त्यांना राग यायचा तो आधी कौतुकातून वाट काढत आला.

"बापूराव, ते मापानं वाकडं होतं," त्या म्हणाल्या. "यांच्या खांद्याच्या मापानं. आता उत्तरेश्वर गावाला गेलाय, आणि दहा वाजता गाडी न्यायला माणूस येतोय. तुम्हीच होतं तसं करून द्या."

बापूराव क्षणभर गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण सरळ वस्तू वाकडी करायची? हे माझ्या हातून व्हायचं नाही. माणसाचे दोन हात सारखे असतात, वहिनी."

"बरं, नका करू. पण बसून तर दाखवा, नीट सरळ झालंय का."

हे त्यांना पटलं. दुधाची पिशवी समर्थकडे देऊन ते गाडीवर बसले.

"डोळे मिटा. हात सैल सोडा. आता धरा."

बापूरावांनी धरलं. उजवा हात मुठीवर बसला. डावा मुठीच्या खाली हवेतच मिटला. डोळे मिटलेले असल्याने त्यांनी तिथे दोनदा चाचपून पाहिलं. विजयमालाबाईंनी गळ्यातली टेप काढली. या वेळी त्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"डावा दीड इंच खाली. थोडा मागं."

बापूरावांनी डोळे उघडले. हाताकडे पाहिलं. "टेप जुनी आहे."

"हो, जुनी हाय."

"रस्ते…" ते म्हणाले, आणि थांबले. पार्किंगमध्ये रस्ता नव्हता. ते उतरले, मान एकदा डावीकडून चोळली, आणि जिना चढून गेले.

"चिडले," समर्थ म्हणाला.

"दूध ऱ्हायलं त्यांचं," हिंमतराव म्हणाले. ते गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होते, जसं स्टेशनवर सोडायला आलेल्या माणसाने खिडकीच्या गजावरून फिरवावा.

पावणेदहाला जिन्यावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. बापूराव लांब पाइप घेऊन उतरत होते. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "किती?" एवढंच विचारलं.

"उजवी दीड इंच खाली, एक मागं."

त्यांनी मुठीचं रबर काढलं, पाइप घातला, पाय रोवले आणि एका दमात ते हँडल वाकवलं. टेप लावली तेव्हा माप तंतोतंत होतं. घाम पुसत बापूराव म्हणाले, "वाकडं तर वाकडं. पण मापात. आता एकदा इकडे, एकदा तिकडे झालंय, लोखंड दमतं. तो तुमचा उत्तरेश्वर गावाहून आला की त्याच्याकडून नवा पाइप घाला. आज फाट्यापर्यंत काही होत नाही."

हिंमतराव बसले. मुठी हातात आल्या. समर्थ मागे बसला, आणि बापलेक गेटमधून बाहेर पडले. विजयमालाबाई आणि बापूराव एकमेकांकडे न बघता गेटपाशी उभे राहिले. गाडीचा आवाज दूर गेला, ऐकू येईनासा झाला, मग पुन्हा ऐकू यायला लागला.

समर्थ उतरला तो हसत होता. "आई, फाट्यावर एका रिक्षावाल्याने सांगितलं, हँडल वाकडं झालंय."

"मग काय म्हणालास?"

"म्हटलं, पप्पांच्या साइझचं आहे." मग म्हणाला, "पप्पा गाडीवर किती बोलतात गं. मला माहीतच नव्हतं."

"मी तर गप्पच होतो," हिंमतराव म्हणाले.

समर्थने त्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. बापूराव होते. इस्त्रीचा सदरा, आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब. त्यांनी ते विजयमालाबाईंच्या हातात दिलं. आत पडद्याचा नवा कोरा दांडा होता. सरळ.

"म्हटलं, तुमचा तो पडदा रोज वाकडा दिसतो," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "हा लावा. आणि तो जुना… तुम्हाला काही त्याचा उपयोग नसेल, तर मी घेऊन जातो. अडगळ कशाला?"

विजयमालाबाईंनी पडदा उतरवला, खिडकीवरचं ते डावीकडे झुकलेलं हँडल काढलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. बापूरावांनी ते सराईतासारखं दोन्ही मुठींत धरलं. डोळे मिटले गेले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग भानावर येऊन ते काहीतरी बोलायला लागले. तेवढ्यात आतून, शेंगदाणे खात, हिंमतराव म्हणाले, "बापूराव, आभार मानायची गरज नाही."