मुकुंदाची शिल्लक

बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या समस्त रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या शेजारच्या मुकुंदाकडे पैसे साठले आहेत आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं आहे.

पैसे नसले की माणसं घाबरतात, हे मी पाहिलं आहे. असल्यामुळे घाबरलेला हा एकच. तसा तो जन्माचाच भित्रा. ऑटोरिक्षात हेल्मेट घालून बसणारा बुऱ्हाणपुरातला पहिला प्रवासी. रिक्षावाला चिडला, "भैया, मेरे पे भरोसा नहीं क्या?" मुकुंदा म्हणाला, "तुमच्यावर आहे हो. पण समजा, समोरच्याचं काय?"

'समजा' हा त्याचा शब्द. वय चौतीस, खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. इंजिनीअरिंगसाठी घेतलेलं एज्युकेशन लोन अजून फेडतो आहे. शिकवण्या घेऊन घेऊन उरलेलं कर्ज एका दमात फिटेल एवढी शिल्लक जमली आणि पंचाईत झाली.

"काका, पैसे ठेवले तर तिकडे व्याज चढतंय," आमच्या ओट्यावर बसून तो म्हणाला. "भरले तर हात रिकामा. समजा, शाळेनं काढलं? समजा, दवाखाना लागला?"

"अर्धे भर, अर्धे ठेव," मी निकाल दिला.

"समजा, दोन्ही अर्धे कमी पडले?"

मी हात टेकले. त्यानं मग इस्त्रीवाल्याला विचारलं, पॉवरलूमवाल्या घरमालकाला विचारलं. दाताच्या डॉक्टरला तर तोंडात आरसा असताना विचारलं.

हप्त्याचाही सोहळाच असे. दर महिन्याला जसोंडी गावाहून त्याचे बाबा बसनं येत. केळीच्या बागेतलं काम टाकून, धुतलेला सदरा घालून. कर्जाला ते जामीनदार. जामीनदार हप्त्याला हजर नसला तर बँक घरावर जप्ती आणते, अशी त्यांची ठाम समजूत. बापलेक खिडकीवर रोख भरत, मग बाजारात मावा जलेबी खात. मुकुंदाची आई गेल्यापासून दोघांत बोलणं फारसं उरलं नव्हतं. जलेबी गरम आहे का, एवढंच.

"अरे, हप्ता खात्यातून आपोआप कापता येतो. सांग ना त्यांना!" मी एकदा म्हणालो.

"हळू बोला, काका!" तो असा दचकला की हातातला चहा सांडला. मला वाटलं, बापाला शहाणपण शिकवायलाही घाबरतो लेकाचा.

शेवटी मागच्या हप्त्याला मीच त्याला ढकलत बँकेत नेलं. बाबा आधीच बाकावर बसलेले, सहीसाठी स्वतःचं पेन घेऊन. खिडकीतल्या बाईंनी त्याच्या खात्यातली शिल्लक पाहिली आणि खूश झाल्या. "सर, इतना है तो आज पूरा भर दीजिए ना! छुट्टी! अंकल को भी हर महीने बस के धक्के नहीं खाने पड़ेंगे."

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "चांगलंच झालं मंग," म्हणाले आणि उगाच पंख्याकडे बघत बसले.

बाईंनी मुकुंदाच्या हातात कर्ज बंद करायचा फॉर्म दिला. "भर रे," मी मागून कोपर मारलं. त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं, फॉर्म छातीशी धरला आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"नको मॅडम! कर्ज फिटलं तर बाबा येतील कशाला?"