खाट क्रमांक अकराची चौकशी

अंकुशदादा गेला त्या दुपारी त्याची ऑक्सिजनची नळी कोणी काढली, हे त्याच्या धाकट्या भावाला, सुदामला, कोणीच सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी कळलं ते एवढंच की, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाने खाट क्रमांक अकराला दोषी धरून निलंबित केलं आहे.

सगळं रीतसर झालं होतं. खाटेला कारणे दाखवा नोटीस चिकटवली, सात दिवसांत तिचा खुलासा आला नाही. निलंबनात मुख्यालय सोडायचं नसतं, म्हणून ती व्हरांड्याच्या टोकाला उभी होती.

"खाट नळी काढते का हो?" सुदामने हेडक्लार्क कुलथे भाऊसाहेबांना विचारलं.

"बंधू कुणाच्या ताब्यात होते? तिच्याच ना?" भाऊसाहेब म्हणाले. "शिवाय तिचं मागचं रेकॉर्डही बरं नाही. कुरकुरते."

सुदाम खाटेला लाथ घालायलाच आला होता. पण नोटीस चिकटलेली ती खाट बघून त्याचा पाय थांबला. हिला काहीतरी माहीत आहे. म्हणूनच हिला घालवतायत.

समिती बसली. अधीक्षकांनी विचारलं, "खाटेच्या बाजूने कोणी बोलणार?"

सगळे कर्मचारी पंख्याकडे बघू लागले. सुदाम उठला.

"अरे, तुझा भाऊ हिच्यावर गेला!" अधीक्षक म्हणाले.

"म्हणूनच. ही भंगारात गेली की विचारू कुणाला?"

अधीक्षकांनी एक टाइप केलेला खुलासा पुढे सरकवला. चौथीतून शाळा सुटलेल्या सुदामने अक्षर अक्षर जुळवलं : 'सदर प्रकार मी एकटीनेच केला.' खाली अंगठ्याची जागा.

"हे हिने कधी सांगितलं?"

"तिच्या वतीने अंगठा दे, पोरा. प्रकरण मिटेल."

"लवकर उरका, साहेब," भाऊसाहेब पुटपुटले. "रिकामी आहे तोवरच. रुग्ण चढला की खाट काढता येत नाही, प्रकरणही बंद करता येत नाही."

सुदामने कागद चुरगळला, धावत व्हरांड्यात गेला आणि चपलांसकट खाटेवर चढला. खाट कुरकुरली.

थोड्या वेळाने भाऊसाहेब नवा केसपेपर घेऊन आले. "आजार काय लिहू?"

"तपास चालू आहे, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. सिस्टरने सलाईन लावलं. सुदामने नळी मुठीत घट्ट धरली आणि येणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून दाराकडे तोंड करून पडून राहिला.